कानात सांगायचं नाव

दुसरीही मुलगीच झाली, तेव्हा सासूबाई पाच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सहाव्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, की बारशाला नाव त्या सांगतील तेच. ते त्यांचं ठरलेलं होतं: नकोशी. या घरात ते एकदा लागू पडलंय. सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव नकोशी ठेवलं आणि तिच्या पाठीवर सासरे झाले. त्या नकोशीआत्या आता सत्तरीच्या आहेत. आमच्या कळंबच्या घरी आल्या की अजून दाराजवळच बसतात.

समाधान, माझा नवरा, म्हणाला, कागदावर तुला हवं ते लिही, घरात काय म्हणतील ते म्हणू दे. जन्माच्या फॉर्मवर मी तेजश्री लिहिलंच होतं. पण पोरगी वळणार ती हाकेला, कागदाला नाही.

आणि सासूबाईंपुढे बोलायचं म्हटलं की माझा आवाजच फुटायचा नाही. ही पोटात असताना सातव्या महिन्यात बारामतीला तपासणीला गेले, तेव्हा डॉक्टरांनी मला तिथल्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, रोज दहा मिनिटं डोळे मिटायचे, श्वास संथ करायचा, आणि जिथं कुणाची भीती वाटली नव्हती अशी एक आठवण काढून तिच्यातच बसून राहायचं. वास येईपर्यंत.

माझी आठवण माहेरची, पळसदेवची. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुनं देऊळ वर यायचं. मी आठ वर्षांची, अप्पांच्या होडीत. चिखलाचा आणि ओल्या जाळ्याचा वास. अप्पा वल्हं थांबवून म्हणाले, "मार हाक. बघू कुठवर जाती." मी माझंच नाव ओरडले. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या कुठल्याशा बाईनं ओ दिली.

सासूबाईंनी मला डोळे मिटून बसलेलं पाहिलं होतं. झोपा काढायला हिनं नवीन नाव शोधलंय, असं त्यांनी फोनवरून सुप्रियाला, माझ्या थोरल्या नणंदेला, मला ऐकू जाईल असं सांगितलं.

बारशाला सुप्रिया भवानीनगरहून आली. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझ्या शेजारून जाताना ती हळूच म्हणाली, "स्वरूपा, तोंड पाडू नगं. पोरगा झाला की हिचंच कौतुक हुईल."

बायकांनी पाळणा म्हणायला घेतला. नाव सांगायची वेळ जवळ आली तशी मी पाटावर बसल्या जागी डोळे मिटले. श्वास संथ केला. चिखलाचा वास आला. होडी डुलली. मीही डुलले असणार, कारण पाळणा मध्येच थांबला.

"आंगात आलं," कुणीतरी म्हणालं. "कुकू आणा."

डोळे उघडले तर सासूबाई समोर, गुडघ्यांवर, हात जोडून. "आई, काय चुकलं आमचं? पोरीचं नाव काय ठिवू? तूच सांग."

एक शब्द पुरे होता. देवी म्हणून बोलले असते तर सुप्रियानं मुकाट तेजश्री म्हटलं असतं. पण मग ते नाव देवीनं ठेवलेलं झालं असतं, आणि पुढच्या वेळी तोंड उघडायला मला पुन्हा देवीच लागली असती.

"देवी नाही आली," मी म्हणाले. आवाज पार अंगणापर्यंत गेला. "मी स्वरूपाच आहे. पोरीचं नाव तेजश्री."

सुप्रिया पाळण्यापुढे आडवी आली. मी तिच्या हाताखालून वाकले, पोरीच्या कानाशी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. तीनदा.

सासूबाई जमिनीला हात टेकून उठल्या. "हात जोडायला लावलंस मला," त्या म्हणाल्या. "इसरायची न्हाय मी."

त्या विसरणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात. आज ती पाठ माझी होती. जागचं कुणी हलेना. मग दाराजवळून नकोशीआत्या उठल्या, गर्दीतून वाट काढत आल्या आणि माझ्या पाठीत एक हलका धपाटा घातला.

"दाराशी बी ऐकू आलं," म्हणाल्या.

मग आणखी दोघीतिघी आल्या. शेवटचा धपाटा सासूबाईंचा. तो लागावा म्हणूनच घातला होता. मी पाठ सरकवली नाही.