तिसऱ्या मजल्यावरचा खोकला

मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. रंग उडालेली, कोपरे गंजलेली, कडी वाकडी बसणारी एक हिरवी पत्र्याची पेटी दिसली की कुणीही म्हणेल, आत पाने आणि पकडी असणार. वरच्या कप्प्यात त्या आहेतही, पण केवळ दाखवण्यापुरत्या. खालच्या कप्प्यात काय आहे, ते मी सहसा कुणाला कळू देत नाही. लपवायची सवय लागली की संशय घ्यायचीही लागते. माझे तसेच झाले आहे.

इराणातल्या तब्रीझच्या एका पत्रेकाम करणाऱ्याने मला घडवले आणि उस्ता सफर या कारागिरांनी मला विकत घेतले. करजजवळच्या मेहरशहरात ते घरोघरी कूलर दुरुस्त करत. उन्हाळ्याच्या दिवसांत गच्चीगच्चीवर मी त्यांच्याबरोबर तापले आहे. काम झाले की लोक त्यांना काकडीचे सरबत देत आणि म्हणत, "उस्ता, तुमची पेटी आली की घर गार होतं." ते ऐकले की मला फार बरे वाटे. मग उस्ता वारले. मी गच्चीवरच्या खोलीत कूलरच्या जुन्या गवताखाली अकरा वर्षे पडून राहिले. कोळ्यांनी माझ्यात घरे केली. माझी आठवण कुणालाच राहिली नाही.

उस्तांचा मुलगा कियूमर्स जनावरांचा डॉक्टर झाला होता. आमच्याकडे कुत्र्याला गाडीत घालून दवाखान्यात न्यायचे म्हणजे चौकात पोलीस अडवतील का, याची धास्ती. कुत्रा नापाक म्हणून शेजारीपाजारी कुरकुरतात ते वेगळेच. म्हणून डॉक्टरच घरोघरी जाऊ लागले. तेव्हा त्यांच्याकडे कातडी बॅग होती. एका इमारतीच्या दारात कुणीतरी त्यांना विचारले, "कोण आजारी आहे?" ते सरळ माणूस. म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला लस द्यायची आहे." पंधरा दिवसांत त्या घरावर एवढा दबाव आला की घरातल्या कुणीतरी तो कुत्रा महामार्गावर नेऊन सोडला. डॉक्टर दोन दिवस गाडी घेऊन त्याला शोधत फिरले. तो सापडला नाही. तिसऱ्या दिवशी ते गच्चीवर आले, त्यांनी मला गवताखालून ओढून काढले आणि धुऊन पुसून घेतले.

तेव्हापासून ते कूलरवाले झाले आणि मी त्यांची पेटी. वर पाने, खाली कापूस, सुया, औषधाच्या बाटल्या, थर्मामीटर आणि नखे कापायची कात्री. माझी कडी वाजली की शहाणीशहाणी कुत्री पलंगाखाली शिरत. एका मांजराने तर माझ्यावर मुतून मला आपले मत कळवले. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या अंगाला दहा अनोळखी जनावरांचा वास येतो. त्यांच्या जागी मी असते, तर मीही विश्वास ठेवला नसता.

तूरान खानूम, म्हणजे तूरानबाई, एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा नाही, मुलगा दूर कॅनडात. धाकटी बहीण गेली, तेव्हा तिचा कुत्रा त्यांच्याकडे आला. पांढरा, मऊ, साखरेच्या तारांच्या मिठाईसारखा. म्हणून त्याचे नावही त्या मिठाईचेच, पश्मक. त्याला भुंकायचे नाही हे त्यांनी महिनाभर कुजबुजून शिकवले होते. पहाटे चाकांच्या भाजीच्या पिशवीत तो बसायचा, वर कोथिंबिरीच्या जुड्या, आणि दोघे फिरायला बाहेर पडायची.

तळमजल्यावर नोस्रत आगा, म्हणजे नोस्रतसाहेब, राहायचे. इमारतीचा कारभार त्यांच्याकडे होता. टपालखात्यात त्यांनी तीस वर्षे पार्सले तोलली होती. जिन्याजवळ त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेला कागद चिकटवला होता: 'इमारतीत कुत्रा पाळण्यास मनाई आहे.' त्यांचे दार नेहमी वीतभर उघडे असे आणि त्या फटीत एक डोळा असे. तो डोळा मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

पश्मकचे हृदय म्हातारपणाने मोठे झाले होते. फुप्फुसात पाणी साचून त्याला खोकला येई. तो खोकला की तूरान खानूमही मोठ्याने खोकायच्या, म्हणजे खाली एकच खोकला ऐकू जाई. डॉक्टर दर मंगळवारी येऊ लागले, आणि ते दिवस होते थंडीचे.

"कुठं निघालात?" नोस्रत आगांनी एकदा विचारले.

"तिसऱ्या मजल्यावर. कूलर बघायचाय."

"थंडीत?"

"थंडीत बघून ठेवलेला बरा, आगा. उन्हाळ्यात मला श्वास घ्यायला वेळ नसतो."

"खानूमचा कूलर दर मंगळवारी बघावा लागतो? माझा सोळा वर्षांत दोनदा उघडलाय."

"तुमच्या कूलरचं नशीब चांगलं आहे."

नोस्रत आगा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. मला खात्री झाली की हा माणूस कुत्र्याच्या मागावर आहे. मी माझी कडी घट्ट धरून ठेवली.

नंतरच्या मंगळवारी त्यांनी "जड असेल, द्या इकडे" म्हणत मला डॉक्टरांच्या हातातून घेतले. पायरीवर ठेवले, पुन्हा उचलले आणि म्हणाले, "हे पान्यांचं वजन नाही." डॉक्टरांनी मला पटकन परत घेतले. जिना ते दोन-दोन पायऱ्या गाळत चढले.

मग एका रविवारी सकाळीच खानूमचा फोन आला. पश्मकला श्वास घेता येत नव्हता. डॉक्टर धावत आले. मंगळवार नसताना आले, आणि धापा टाकत आले. नोस्रत आगा जिन्यात आडवे उभे राहिले.

"आज रविवार आहे."

"आगा, घाई आहे. सोडा मला."

"कूलरला कसली घाई?" असे म्हणत त्यांनी वाकून माझी कडी उघडली आणि वरचा कप्पा उचलला.

सुया दिसल्या. बाटल्या दिसल्या. नोस्रत आगांचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज चढला नाही.

"या बाईचं इथं कुणी नाही. दीड महिन्यात खोकला वाढला, चेहरा उतरला. आणि तुम्ही दर आठवड्याला वर. तिला काय टोचताय?"

"खानूमना मी काही टोचत नाही."

"मग कुणाला?"

डॉक्टरांनी वर, तिसऱ्या मजल्याकडे पाहिले. मित्रांनो, तो महामार्ग त्यांच्या डोळ्यांसमोर आला असणार. खरे बोलले तर कुत्रा जाणार, न बोलले तर आपण चोर ठरणार.

"पाच मिनिटं द्या," ते शेवटी म्हणाले. "मग माझं काय करायचं ते करा."

"पेटी माझ्याकडे राहील. पोलिसांना बोलवायचं की तिच्या मुलाला फोन करायचा, तेवढं फक्त ठरवायचंय मला."

त्यांनी मला घरात नेले आणि आतून कडी लावली. डॉक्टरांनी दोनदा दार ठोठावले. मग ते मोकळ्या हातानेच वर धावत गेल्याचे ऐकू आले.

नोस्रत आगांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रिकामे केले. भिंग घेऊन एकेक बाटली वाचली. नखे कापायची कात्री दोन बोटांत धरून ते बराच वेळ विचार करत बसले. माझ्या कोपऱ्यात अडकलेले लांब पांढरे केस त्यांनी चिमटीत घेतले आणि स्वतःशीच म्हणाले, "केसही गळायला लागले बिचारीचे."

तेव्हा मला कळले की त्यांना कुत्र्याचा पत्ताच नव्हता. इतके दिवस या माणसाला वाटत होते की कुणी भामटा एका एकट्या बाईला औषध टोचून मारतो आहे, आणि तो तिच्यासाठी दारात डोळा लावून बसला होता. मी त्याच्याविषयी जे समजले होते ते सगळे चुकीचे होते. आणि त्याने जे समजले होते त्यामुळे वर एक जीव चालला होता. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

दारावर थाप पडली. डॉक्टरांसारखी नव्हती. नोस्रत आगांनी दार उघडले.

तूरान खानूम घरातल्याच चपलांवर उभ्या होत्या. डोक्यावरचा रुमाल एका बाजूला सरकलेला. छातीशी शालीत गुंडाळलेला पश्मक, जीभ बाहेर, हिरड्या निळसर. मागे डॉक्टर.

"नोस्रत आगा," खानूम म्हणाल्या, "तो खोकला माझा नव्हता. याचा होता. पेटी द्या."

नोस्रत आगा एक पाऊल मागे सरले. कुत्रा अंगाला लागू नये म्हणून त्यांनी पायजमा गोळा केला. त्यांनी जिन्याजवळच्या कागदाकडे पाहिले, मग खानूमकडे.

"तुम्ही आजारी नाही?"

"नाही."

"मला रोज वाटायचं, उद्या जिन्यात पडलेल्या सापडाल."

"पेटी द्या, आगा. नंतर मला काढा घरातून."

त्यांनी वर्तमानपत्राच्या चारी कडा उचलल्या आणि सगळे सामान तसेच बाहेर आणून जिन्याजवळ ठेवले. डॉक्टरांनी एक बाटली उचलली, सुई भरली आणि पश्मकच्या मांडीत टोचली. मग तिघेही थंडगार फरशीवर थांबून राहिले. नोस्रत आगा मनगटावरचे घड्याळ पाहत होते, पण कुत्र्याकडे पाहायचे टाळत होते.

वीस-पंचवीस मिनिटांनी पश्मक उभा राहिला. त्याने इकडेतिकडे हुंगले आणि नोस्रत आगांच्या नुकत्याच धुतलेल्या फरशीवर भलीमोठी लघवी केली.

"झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. "औषध लागू पडलं. पाणी बाहेर पडतंय."

"ते दिसतंय मला," नोस्रत आगा म्हणाले.

ते आत गेले, बादली आणली आणि फरशी धुतली. मग पुन्हा धुतली. तिसऱ्यांदा धुताना पाठमोरेच त्यांनी विचारले, "जगेल का?"

"काही महिने. काळजी घेतली तर."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमच्या अक्षरातला कागद आहे ना तिथे," तूरान खानूम म्हणाल्या.

त्यांनी फडके पिळले आणि बादली उचलून आत नेली. कागद मात्र त्यांनी काढला नाही.

पण त्या दिवसापासून ते दर मंगळवारी माझी तपासणी करू लागले. एकेक बाटली भिंगाखाली धरायची, मगच आम्हाला वर सोडायचे. डॉक्टर चिडत. मीही चिडले. माझ्या मते, कुत्र्याला घालवून द्यायला ते निमित्त शोधत होते. एका मंगळवारी त्यांनी एक बाटली बाजूला ठेवली. "हिची मुदत गेल्या महिन्यात संपली," ते म्हणाले. डॉक्टरांनी पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. चूक त्यांची होती. माझीही होती, मी तिला जपून ठेवले होते. त्यानंतर डॉक्टर स्वतःच मला आगांपुढे उघडून ठेवू लागले आणि आगा त्यांच्यापुढे चहाचा पेला आणि खडीसाखर.

नवरोझचा सण झाला, तुतीच्या झाडांना पाने आली. पश्मक आता जिना उतरू शकत नव्हता. मग खातही नव्हता. एका मंगळवारी डॉक्टर आले ते खाली मान घालून. तूरान खानूमनी आदल्या दिवशी फोनवर सांगितले होते की आता त्याला त्रास नको.

नोस्रत आगा दारात उभे होते. डॉक्टरांनी सवयीने मला त्यांच्यापुढे ठेवले आणि कडीला हात घातला.

"राहू दे," आगा म्हणाले.

त्यांनी मला उचलले. तीन मजले ते मला घेऊन चढले, न थांबता, न उघडता. खानूमच्या दारात त्यांनी चपला काढल्या. आत पश्मक खिडकीखालच्या गालिचावर पडला होता. त्याने माझा वास ओळखला, पण पलंगाखाली जायची ताकद त्याच्यात नव्हती. शेपटी दोनदा हलली. खानूम त्याच्या कानाशी काही कुजबुजत राहिल्या. नोस्रत आगा भिंतीशी गुडघे दुमडून बसले होते. डॉक्टरांनी शेवटची सुई टोचली. सगळे संपल्यावर आगा म्हणाले, "खानूम, तुमच्याकडे चहाचा डबा कुठं असतो ते सांगा. आज मी करतो."

मित्रांनो, ही गोष्ट सांगताना मला स्वतःचीच थोडी लाज वाटते. मी अजूनही घरोघरी जाते. नोस्रत आगांवर माझा आजही पुरता विश्वास नाही, आणि तो कागद जिन्याजवळ अजून तसाच आहे. पण मी एक शिकले आहे. संशय आला तर फटीतून पाहत बसू नका. दार वाजवा आणि विचारा. आणि तुमच्या घरात एखादा मुका जीव असेल, तर त्याच्या श्वासाकडे रोज क्षणभर लक्ष द्या. आपल्याला कुठे दुखते हे तो सांगू शकत नाही. आणि त्याला वाचवायला येणारी माझ्यासारखी गंजकी पेटी कुठल्यातरी जिन्यात अडकून पडलेली असू शकते.