आवाज आढळला नाही

“आत्ता! आत्ता आला बघा. ऐकलात ना?”

बाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. शेजारच्या सीटवर गॅरेजचा हा जुना मेकॅनिक मांडीवर तक्रारीचं कार्ड ठेवून बसला होता. त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

“ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की येतो,” बाई सांगू लागल्या. “कुणीतरी खालून एकदाच दार ठोठावावं तसा. टक्. मग पुढचा सिग्नल येईपर्यंत गप्प.”

“परत एकदा घ्या.”

बाईंनी परत वेग घेतला आणि पाय उचलला. या वेळी तो रस्त्याऐवजी त्यांच्याकडे बघत होता. त्यांच्या पापण्या दचकून मिटल्या. त्याच क्षणी त्याच्या बुटांच्या तळव्यांना एक बारीकसा हादरा लागला. कानाला मात्र काही नाही.

आता बोलायला हवं होतं. बाई, आवाज आहे, पण मला येत नाही. एवढंच वाक्य. ते ओठांपर्यंत आलंही.

“काही नाही हो, बाई,” तो म्हणाला. “या बॅटरीच्या गाड्यांना इंजिनाचा आवाज नसतो ना, त्यामुळे खडा उडाला तरी मोठा वाटतो. तुम्ही उगाच मनाला लावून घेता.”

“तीस वर्षं शिकवलंय मी,” बाई म्हणाल्या. “फळ्याकडे तोंड करून सांगायचे, मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते.” मग जरा थांबून स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “पण नसेल आवाज, तर चांगलंच आहे.”

गॅरेजवर परतल्यावर त्याने कार्डावर लिहिलं, ‘आवाज आढळला नाही’, आणि खाली सही ठोकली. या गाडीसाठी हे वाक्य लिहायची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं.

गॅरेजात सगळे त्याला कानसेन म्हणत. पेट्रोलच्या गाड्यांच्या जमान्यात गाडी फाटकातून आत येतानाच तो हातातलं काम न सोडता सांगायचा, तिसऱ्या सिलेंडरचं काम आहे, नाहीतर पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. इतरांनी दोन दिवस खोलखोल करून हात टेकले की मॅनेजर म्हणायचा, “कानसेनला बसवा रे एकदा.” पुढे बॅटरीच्या गाड्या आल्या, इतरांनी कॉम्प्युटर जोडायला शिकून घेतलं, पण आवाजाची तक्रार आली की चक्कर मारायला तोच. त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तो “नाही” म्हणाला की ती गाडी परत कुणी तपासत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या लक्षात आलं, की फोन डाव्या कानाला लावला तर पलीकडचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. कानाच्या डॉक्टरांनी तपासून कागद हातात दिला. डावा निम्म्याहून जास्त गेलेला, उजवा त्याच वाटेवर, लवकर यंत्र लावा. त्याने तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. पुढे तो शर्टाबरोबर धुतला गेला आणि त्याला हायसंच वाटलं. घरात बायको म्हणायची, “तिसऱ्यांदा सांगतेय, टाकी भरलीय, नळ बंद करा. कानात बोळे घातलेत का?” तो म्हणायचा, “विचारात होतो गं.” त्यावर तिचं ठरलेलं असायचं, “काय एवढे विचार करता कुणास ठाऊक!”

बाईंची गाडी तिसऱ्यांदा आली, ती दोन महिन्यांनी. या वेळी ती त्यांचा मुलगा चालवत होता. चाळिशीचा, घाईतला माणूस. बाई आल्या आल्या बाकावर जाऊन बसल्या, पर्स मांडीवर घेऊन.

“विकायची आहे,” मुलगा काउंटरवर म्हणाला. “तेवढी तपासून एक सर्टिफिकेट द्या.” मग त्याने आवाज खाली आणला. कानसेनला त्याच्या ओठांकडे बघावं लागलं. “आईच्या हातून काढून घेतली मी. तिला भास होतात हो. टक् वाजतं, टक् वाजतं, एकच धोशा. मी पण बसलो दोनदा, मला तर काही ऐकू आलं नाही.”

“गाणी लावली होतीस,” बाई बाकावरून म्हणाल्या.

“बघितलंत? हे असं.” मुलाने कपाळाला हात लावला. “तुमच्याच माणसाने दोनदा लिहून दिलंय. डॉक्टरांना तेच कागद दाखवले, तेव्हा कुठे त्यांनाही पटलं. आता गोळ्या सुरू आहेत. सुस्त असते दिवसभर, पण निदान भांडत तरी नाही.”

तुमच्याच माणसाने. तो माणूस समोरच उभा आहे, हे मुलाला माहीत नव्हतं. कानसेनने किल्ली घेतली. खरं तर सरळ गाडीकडे जायचं होतं, पण पाय बाकापाशी थांबले.

“बाई, तो आवाज... अजून येतो?”

बाईंनी वर पाहिलं. चेहरा सुजल्यासारखा, नजर मंद झालेली. “नाही येत.”

“खरंच?”

“येतो म्हटलं की गोळी वाढते,” त्या सावकाश म्हणाल्या आणि पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

तो किल्ली मुठीत धरून गाडीकडे वळला.

गाडी त्याने चारही चाकांवर रॅम्पवर चढवून घेतली आणि वायरिंग बघणाऱ्या सोबत्याला हाक मारली. त्याला सगळे ‘मीटर’ म्हणत, कारण जेवतानाही त्याच्या गळ्यात मीटर लटकलेला असे.

“मीटर, जरा आत बस. ब्रेक गच्च दाबून धर. मी हात हलवला की गियर पुढचा, मग मागचा, असं करत राहा.”

तो खाली गेला. मोटर ज्या रबरी माउंटिंगवर बसलेली असते, तिच्यावर खडूने एक सरळ रेघ ओढली, निम्मी माउंटिंगवर आणि निम्मी सांगाड्यावर. मग पंजा पसरून तिच्यावर ठेवला, डोळे मिटले आणि दुसरा हात हलवला.

पंजाला धक्का बसला. परत हात हलवला, परत धक्का, उलट बाजूने. डोळे उघडून पाहिलं, तर गियर बदलला की रेघेचे दोन तुकडे बोटभर अंतराने सरकत होते. पाय उचलला की या गाडीत मोटरच ब्रेकचं काम करते, ओढ उलटी होते. रबर फाटलेलं, त्यामुळे सगळी मोटर सरकून लोखंडावर आदळत होती. दर वेळी. बाई सांगत होत्या, अगदी तस्साच प्रकार.

मीटरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काका, केवढ्याने वाजतंय हे! तुम्हाला रस्त्यावर कसं नाही कळलं?”

त्याने माउंटिंग खोलून बाहेर काढली. चीर वरच्या अंगाला होती, खालून दिसली नसती. पण तिच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या, आत धुळीचा थर बसलेला. कित्येक महिन्यांची जुनी.

मॅनेजरने ती हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि त्याला कोपऱ्यात घेतलं. “हे बघ, आत्ताच फाटली म्हणून सांगू. रबरच आहे, कधीही जातं. कोण विचारतंय? तुझंही नाव राहील आणि गॅरेजचंही.”

“नको,” तो म्हणाला.

“अरे, डोकं फिरलंय का तुझं?”

तो माउंटिंग घेऊन बाहेर आला आणि ती काउंटरवर ठेवली. मुलगा फोनवर बोलत होता. त्याचं संपेपर्यंत कानसेन उभा राहिला. हाताचं ग्रीस पँटला लागत होतं.

“आवाज होता,” तो म्हणाला. “पहिल्यापासून होता. त्या कागदांवर सही माझी आहे. मला नीट ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही.”

मुलगा आधी माउंटिंगकडे बघत राहिला, मग त्याच्याकडे. “तुम्हाला कळतंय का काय बोलताय ते? मी तुमच्या कागदावर विश्वास ठेवून माझ्या आईला...” आईकडे बघायचं त्याने टाळलं.

बाई उठून काउंटरपाशी आल्या. फाटलेल्या रबरावरून त्यांनी एक बोट फिरवलं.

“दुसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, मनाला लावून घेता. तेव्हा माहीत होतं?”

“पायांना हादरा लागला होता, बाई. आणि तुम्ही दचकलात, तेही पाहिलं होतं मी.”

त्या ओरडतील, निदान शिक्षिकेसारख्या दोन शब्द सुनावतील, अशी त्याची अपेक्षा होती. तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. बाई नुसत्याच “बरं” म्हणाल्या आणि बाहेर जाऊन उन्हात उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्याला टायरच्या विभागात टाकलं. आवाजाची तक्रार आली की आता मीटर चक्कर मारायला जाई. बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी आपली समजत होते, माझा कंटाळा आलाय तुम्हाला.” हे त्याच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

नवी माउंटिंग यायला चार दिवस लागले. ती त्याने स्वतः बसवली आणि मॅनेजरची परवानगी काढून गाडी बाईंच्या घरी नेली. मुलाने दार उघडलं. “गोळ्या बंद केल्यात डॉक्टरांनी,” तो म्हणाला. विकायचा विषय त्याने काढला नाही, उलट किल्ली आईपुढे धरली.

“तूच घे,” बाई म्हणाल्या. “मला काय करायचंय आता?”

“आई, एक चक्कर मारून बघ ना.”

“आणि परत काही ऐकू आलं तर?”

मुलाने कानसेनकडे पाहिलं. कानसेन म्हणाला, “मी बसतो शेजारी, बाई. चालेल तुम्हाला?”

बाईंनी चपला घातल्या.

सीट पुढे घ्यायला, आरसे लावायला त्यांना वेळ लागला. गाडी गल्लीतून बाहेर पडली, ती चालत्या माणसाच्या वेगाने. मोठ्या रस्त्यावर त्यांनी हळूहळू वेग वाढवला, आणि पाय उचलला. त्याच्या तळव्यांना काही लागलं नाही. बाईंनी पुन्हा वेग घेतला, पुन्हा पाय उचलला.

“आला का आवाज?” त्यांनी विचारलं.

“मला येत नाही ऐकू. तुम्ही सांगा.”

बाई ऐकत राहिल्या. “नाही,” त्या म्हणाल्या. “आता नाहीये.” पण आवाजात खात्री नव्हती.

चौकात त्यांनी गाडी थांबवली. रस्ता ओलांडायचा होता. उजवीकडचा रस्ता मोकळा होता. डावीकडून, अजून बरीच लांब, एक सायकल येत होती. बाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती.

“तिकडून सायकल येतेय ना?” त्यांनी विचारलं. “खरंच येतेय ना?”

त्याने डावीकडे वळून पाहिलं.

“येतेय, बाई.”

“लाल?”

“लालच.”

“हं,” बाई म्हणाल्या आणि सायकल समोरून जाईपर्यंत ब्रेकवर पाय दाबून थांबून राहिल्या.