दोन श्रावणांना चूलबंद आवतण

साल दोन हजार तेवीस. त्या वर्षी श्रावण दोनदा आला, आधी अधिक आणि मग निज. टेंभुर्णीतल्या काकासाहेबांच्या फोटो स्टुडिओची किल्ली कुणाकडे जायची, ते त्या दोन श्रावणांनीच ठरवलं.

काकासाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मुलगा आदिनाथ पुण्याला कंपनीत. दुकान सुनेनं चालवावं, असं त्यांच्या बायकोच्या, झुंबरबाईंच्या, फार मनात. सून दैवशाला कॅमेरा बराबर धरायची, जाफराबादला जाऊन संगणकही शिकून आली होती. काकासाहेब मात्र गाळा एका मोबाइलवाल्याला द्यायला निघाले होते.

निगेटिव्हच्या पाकिटावर मराठी महिना आणि यजमानाचं नाव लिहायची त्यांची जुनी सवय. तीच त्यांनी संगणकातही नेली. 'वैशाख भागवत', 'श्रावण वसंता' अशी शेकडो फोल्डर. संगणक ती अक्षरांप्रमाणे लावी, म्हणून आषाढ चैत्राच्या आधी येई आणि गिऱ्हाईक बाकावर ताटकळत बसे. दैवशालानं महिन्यांच्या जागी आकडे घालते म्हटलं, तेही एका हुकमात सगळ्यांना.

"घाल," काकासाहेब म्हणाले. "पण एक जरी फोटो गहाळ झाला, तर मंग शटर त्या मोबाइलवाल्याचं."

दिवाळीनंतरच्या एका दुपारी ती बसली. आधी सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली, मग हुकमाच्या चार ओळी लिहिल्या. श्रावणाच्या मागं-पुढं तिनं एकेक चांदणीची खूण (*) टाकली. ही कशाला, म्हणून झुंबरबाईंनी विचारलं. चांदणीच्या जागी काहीही असलं तरी चालतं, असं दैवशालानं सांगितलं.

"म्हणजे चूलबंद आवतण," झुंबरबाई म्हणाल्या. "नावं घ्यायची न्हाईत, घरातले सगळे जेवायला."

दैवशाला हसली. "तस्संच," म्हणाली. पण तिनं हुकूम सोडला नाही. नवी नावं काय होतील, तेवढंच आधी संगणकाकडून लिहून घेतलं आणि बोट धरून वाचायला लागली. वाचता वाचता बोट थांबलं. '०५ वसंता' दोनदा आलं होतं. एक मूळचं 'अधिक श्रावण वसंता', त्यात वसंताकडं झालेलं जावयाचं धोंडेजेवण; दुसरं 'श्रावण वसंता', त्यात निज श्रावणातली त्याच्या लेकीची पहिली पंचमी. चूलबंद आवतणाला दोन्ही श्रावण एकाच पाटावर येऊन बसत होते. तसंच सोडलं असतं, तर एकाचे फोटो दुसऱ्यानं गिळले असते.

मागं काकासाहेब येऊन उभे होते. पोरीनं आता गप्प राहावं, असं झुंबरबाईंना क्षणभर वाटलं.

"मामा, चुकत होतं माझं," दैवशाला म्हणाली. "यंदा माझ्याच माहेरी यांना धोंडे वाढले, आन् अधिक महिना मीच विसरले."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. करायच्या आधी वाचून पाह्यलं."

तिनं अधिक श्रावणाला आधी नाव घेऊन बोलावलं, त्याला वेगळा आकडा दिला आणि मग उरलेल्यांना चांदणी लावली. पुन्हा वाचलं, तेव्हा कुठं हुकूम सोडला. काकासाहेबांनी पडद्याला नाक लावून वसंताची दोन्ही फोल्डर उघडायला लावली. धोंडेजेवण तिथं होतं, पंचमीचा झोकाही होता. त्यांनी खिशातली किल्ली काढून झुंबरबाईंपुढं धरली.

"दे तुझ्या सुनेला."

"तुमची न्हाई व्हय?" झुंबरबाईंनी हात पुढं केलाच नाही. मग काकासाहेबांनी ती स्वतःच सुनेच्या हातात ठेवली.

काकासाहेबांचा मोतीबिंदू पुढं निघाला. आता ते बाकावर बसून येणाऱ्याला सांगतात, महिना बोला, जल्दी निघतो फोटो. आदिनाथ सुट्टीला आला की लग्नात बायकोच्या मागं फ्लॅशची छत्री धरून फिरतो. वसंतानं ते दोन्ही फोटो मोठे करून बैठकीत लावले. मोबाइलवाल्याला समोरचा गाळा मिळाला. पुढं अधिक ज्येष्ठ आला, तेव्हा दैवशालानं त्याचं फोल्डर पहिल्याच दिवशी वेगळं करून ठेवलं. आणि झुंबरबाई बाजाराला मुद्दाम लांबच्या वाटेनं जातात, कारण सुनेच्या नावाची पाटी त्याच वाटेवर लागते.