पहिल्या स्टडची साक्ष

मी एक जुना स्टड आहे, आणि मी जिथे आहे तिथून मला आता कोणीही बाहेर काढू शकत नाही. चहूबाजूंनी काँक्रीट आहे. पायाखाली पोलादी तुळई आहे आणि तिला मी कायमचा जोडलेला आहे. मित्रांनो, तुम्ही वेल्डिंग तपासायला शिकत आहात, म्हणून तुमच्याशी बोलावेसे वाटले. इतरांना माझ्यासारख्या खुंटीत काय रस असणार!

अंगठ्याएवढा जाड, टीचभर उंच आणि डोक्याला चपटी टोपी, असे माझे रूप आहे. कारखान्यात तारेच्या वेटोळ्यातून मला तोडले, डोके ठोकून चपटे केले आणि दोनशे भावंडांबरोबर एका खोक्यात कोंबले. तेव्हापासून कोंडले जाणेच माझ्या नशिबी आले. ते खोके बोटीने सेतो समुद्रातल्या एका बेटावर गेले. तिथे धक्क्यावर प्रवाशांसाठी दुमजली इमारत उभी राहत होती. वरच्या मजल्याच्या तुळयांवर आम्हाला रोवायचे होते, म्हणजे वरून ओतलेले काँक्रीट आणि खालची तुळई एकमेकांना सोडणार नाहीत.

रोवायचे काम हिगाकीसान करत; जपानीत 'सान' म्हणजे आपले 'राव'. वय त्रेसष्ट, हात स्थिर, जीभ तिखट. त्यांनी मला वेल्डिंगच्या गनच्या तोंडात धरले, माझ्या पायाभोवती चिनी मातीचे कडे बसवले आणि खटका दाबला. मी किंचित वर उचलला गेलो, खाली लख्ख ज्वाला पेटली, तुळई आणि माझा पाय दोन्ही वितळले आणि गनने मला त्या रसात दाबले. एक सेकंदही लागला नाही. कडे फोडून काढले तेव्हा माझ्या पायाभोवती थिजलेल्या रसाची चकचकीत, अखंड वळी होती. "वा रे पठ्ठ्या!" हिगाकीसान म्हणाले. मला फार अभिमान वाटला. आणि त्याच क्षणी कळले की आता तसूभरही हलता येणार नाही.

या कामाचा वेग पाहून सगळे भुलतात. त्याच्या अटी मात्र कोणी लक्षात ठेवत नाही. गन सरळ उभी राहायला जागा हवी, तुळईवर रंग किंवा गंज नको, वीज भरपूर हवी आणि कडे ठणठणीत कोरडे हवे. एक अट चुकली तर सांधा वरून साजरा दिसतो आणि आतून पोकळ निघतो.

बेटावरच्या त्या कामात प्रत्येक गोष्टीआधी बोट दाखवून मोठ्याने बोलायची रीत होती. हिगाकीसान बोट रोखून गर्जत, "तुळई साफ, ठीक! कडं कोरडं, ठीक!" रीत चांगलीच आहे. डोळा, बोट आणि जीभ एकत्र चालली तर चूक सहसा सुटत नाही. पण चाळीस वर्षांत हिगाकीसानांची जीभ एकटीच चालायला शिकली होती. त्या तुळईवर आम्ही साठ जण होतो. पहिले तीस रोवून झाल्यावर दहाचा चहा झाला आणि मग कड्यांचे दुसरे खोके घेतले गेले. ते आदल्या संध्याकाळपासून उघडेच धक्क्यावर राहिले होते, आणि समुद्रावरचे दाट धुके त्यात मुरले होते. हिगाकीसानांनी बोट दाखवले, "ठीक!" म्हणाले आणि नजर मात्र क्रेनवर ठेवली.

साडेअकराला चिहारू ओची आली. तपासनीस होऊन तिला तीनच महिने झाले होते, आणि एकटीने शिक्का मारायची ही पहिलीच वेळ होती. शंभरांत एक स्टड घणाने पंधरा अंश वाकवून पाहायचा, त्याचा पाय तडकला नाही तर सगळे पास, असा नियम होता. तिने मला निवडले. मी फार गुणी दिसत होतो म्हणून नव्हे. शिडीजवळचा पहिला मी होतो, आणि तिथे घण फिरवायला ऐसपैस जागा होती.

घाव बसले. मी वाकलो, पण पाय सोडला नाही. "ठीक!" ती ओरडली, आणि बाकीच्या एकोणसाठ जणांची हमी माझ्या जिवावर कागदावर उतरली. मी त्यांच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता! शेजारचा आतून कसा आहे हे मला तरी काय ठाऊक? ओरडून सांगावेसे वाटले, पण लोखंडाला कसले तोंड. काँक्रीट यायच्या आधीच त्या कागदाने मला गाडले.

जेवणाच्या सुट्टीत चिहारू तुळईच्या पलीकडच्या टोकाला बसून भाताचा मुटका खात होती. शेजारच्या स्टडकडे तिची नजर गेली. त्याची वळी काळपट होती. ती उठली, खोक्यातले एक कडे उचलले आणि ओठाला लावले.

हिगाकीसानांना हसू फुटले. "काय गं पोरी, मुटक्यानं पोट नाही भरलं? आता माती चाटायला लागलीस!"

"कोरडं असतं तर ओठाला चिकटलं असतं, हिगाकीसान. हे चिकटत नाही."

"तू जन्मायच्या आधीपासून ठोकतोय मी हे."

"म्हणून तर तुम्हालाच विचारते. हे खोकं काल रात्री कुठं होतं?"

तेवढ्यात बांधकामाचे प्रमुख कान्दासाहेब घड्याळावर बोट आपटत आले. "ओचीसान, काँक्रीटच्या गाड्या बोटीत चढल्यात. दीड तासात ओतलं नाही तर सगळा माल वाया. शंभरांत एक वाकवायचा, तो वाकवलात. आता काय नवीन काढलंत?"

चिहारूने हातातले कडे खाली ठेवले. "तो वाकवला, कारण तिथं मला नीट उभं राहता येत होतं. दुसरं काही कारण नव्हतं, साहेब. मला इथले मारून बघायचेत."

"तू कशाला दमतेस? मीच मारून दाखवतो!" हिगाकीसानांनी रागाने घण उचलला. एक स्टड वाकवला. टिकला. दुसरा वाकवला. तोही टिकला. "झालं समाधान?"

दूरवर बोटीचा भोंगा वाजला. कान्दासाहेब जायला वळले. तिने मान खाली घातली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. मला वाटले, संपले सगळे. पण तिने हात पुढे केला. "एक माझ्या हातचा."

तिने घातलेल्या पहिल्याच घावाला तो स्टड उडाला आणि खणखणत खाली अंथरलेल्या पत्र्यावर गेला. त्याचा पाय आंबोळीसारखा जाळीदार होता.

मग हिगाकीसानांनी हेल्मेट काढले आणि त्या पोरीपुढे कमरेत वाकले. "खोकं उघडं होतं. मी बघितलंच नाही."

गाड्या त्याच बोटीने परत गेल्या. दुसऱ्या खोक्यातली कडी लावलेले स्टड एकेक करून मारून पाहिले. आठ तुटले. तिथली तुळई घासून, कोरडी कडी लावून नवे रोवले. पण खांबाच्या खाचेत दोघे असे होते की तिथे घण फिरतच नव्हता. त्यांना नुसती टिचकी मारता आली, तेव्हा ते खणकन वाजले.

"वाजले ना? मग ठीक लिहा आणि मोकळ्या व्हा," कान्दासाहेब वैतागून म्हणाले. "गाड्या परत पाठवल्या म्हणून वरचे माझी हजेरी घेणार आहेत. त्यात आणखी भर नको."

"साहेब, वाजतो तो धड असतोच असं नाही."

तिने त्या दोघांच्या भरपाईला जवळच्या मोकळ्या जागेत दोन जास्तीचे स्टड लावून घेतले. मग कागदावर लिहिले, 'मारून पाहता आले नाही. आतून कसे आहेत, माहीत नाही.' खाली आपला शिक्का मारला. असले वाक्य तपासणीच्या कागदावर शोभत नाही, असे साहेब बडबडत होते. हिगाकीसानांनी खिशातून आपला शिक्का काढला आणि तिच्या शिक्क्याशेजारी उमटवला. मला त्या म्हाताऱ्याचा तेव्हा जितका अभिमान वाटला, तितका स्वतःच्या वळीचाही कधी वाटला नव्हता.

दोन दिवसांनी काँक्रीट आले. आधी पाय बुडाले, मग कंबर, मग डोके. मी वाकलेलाच गाडला गेलो. नंतर तिथे उजेड आला नाही, वाराही आला नाही. त्याला आता तीस वर्षे झाली. उन्हाळ्यात पितरांच्या सणाला बेटावरची माणसे वर गोल करून एका तालात नाचतात, आणि तुळई थरथरते. मी घट्ट धरून ठेवतो. दुसरे काही मला करताच येत नाही.

मित्रांनो, उद्या घण तुमच्या हातात येईल. सोयीच्या जागचा एक वाकवून बाकीच्यांना पास करू नका. जिथे हात पोचत नाही तिथे 'ठीक' लिहू नका. माझी साक्ष माझ्यापुरतीच आहे. खाचेतले ते दोघे माझ्यापासून दहा-बारा पावलांवर, याच अंधारात आहेत. वर नाच सुरू झाला की मी त्यांची चाहूल घेत राहतो. ते अजून धरून आहेत की केव्हाच सुटलेत, मलाही माहीत नाही.