जानेवारीची बॅच

डिसेंबरच्या दहा तारखेला विशाखानं काळी पेटी ओसरीत ओढून आणली आणि झाकण उघडून उन्हात ठेवली. पेटी तिच्या नवऱ्याची. झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर आणि नाव होतं, कॅप्टन ह. दे. दुर्गे. आतून बूटपॉलिशचा वास येत होता. दोन वर्षांची करुणा लगेच पेटीत उतरून बसली आणि दोन्ही हातांनी कडा धरून म्हणाली, "गाडी!"

"गाडीच गं. या गाडीनं आपण बाबांकडे जायचं."

"फोतूतले बाबा?"

"फोटोतले नाही. खरे."

लेकीच्या जन्मानंतर हरिदास दोनदाच गावी आला होता, तेही मोजून बारा-बारा दिवस. फौजेच्या रसद खात्यातली त्याची नोकरी. शिधा, डिझेल, औषधं, कांबळी पुढच्या चौक्यांवर पोचवायची. आजवर त्याची बदली झाली ती नेमकी बायकामुलांना नेता येत नाही अशाच ठिकाणी. म्हणून तर दोघांनी जबलपूरच्या त्या डिग्रीवर जीव टाकला होता. लॉजिस्टिक्स मॅनेजमेंट. रसद साठवायची कशी, हलवायची कशी, याचं पदव्युत्तर शिक्षण, फक्त फौजी अधिकाऱ्यांसाठी, दोन वर्षांचं. आणि दोन्ही वर्षं राहायला क्वार्टर. एका छपराखाली तिघं.

तिचे सासरे देवाजी यांना मात्र ही डिग्री काही केल्या पटत नव्हती. "सामान इकडचं तिकडं कराची बी डिग्री रायते काय वो बाई? मी आलापल्लीच्या डेपोत तीस वर्सं सागवान हलवलो. मले त कोणी काही नाई देलं."

"देलं न," सासूबाई बायनाबाई चुलीपासून म्हणाल्या. "कमरेचं दुखणं देलं."

विशाखा चंद्रपूरच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, विषय संख्याशास्त्र. प्रवेशपरीक्षेत नेमका तोच पेपर, आणि हरिदासला सरासरीच्या पुढे काही उमजत नसे. मग तो तिकडून गणितं पाठवायचा आणि ही इकडून सोडवून धाडायची. बारीक अक्षरात, मध्येच 'करुणाला वरचा दात आला' असं लिहून. निकाल लागला तेव्हा त्यानं लिहिलं होतं, 'पास झालो. अर्धी डिग्री तुझी.'

मे महिन्यात त्याचं पत्र आलं. जुलैच्या बॅचला जागा आहे, क्वार्टरही आहे. येतेस?

गावापासून मुलचेऱ्यापर्यंत दोन नाले. पाऊस लागला की एस.टी. बंद, आणि माणसं आपापल्या घरात. आदल्या श्रावणात करुणाची छाती भरली तेव्हा देवाजींनी तिला टोपलीत घालून, टोपली डोक्यावर धरून नाला ओलांडला होता. पाणी त्यांच्या छातीपर्यंत. विशाखा मागून येत होती. पाण्याकडे नाही, त्या टोपलीकडेच बघत. तेव्हापासून तिची नजर लेकरावरून हलली नव्हती. झोपलेल्या पोरीच्या नाकापुढे बोट धरून ती श्वास बघायची, सासूबाई हसल्या तरी.

तिनं उत्तर लिहिलं, 'पावसात लेकराला घेऊन मी हे नाले ओलांडणार नाही. जानेवारीची बॅच घ्या. सहा महिन्यांनी असं काय होतंय?'

त्यानं लगेच मान्य केलं. 'रिकाम्या क्वार्टरमध्ये एकटा बसून मी काय करू? जानेवारी तर जानेवारी. रसदवाल्यानं रस्त्याचं ऐकावं.'

ऑक्टोबरात त्याचं युनिट शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेलं. तिकडूनही त्याचं पत्र आलं, नोव्हेंबरात. 'काळजी करू नकोस. वीस डिसेंबरला इथून सुटतो, गावी येतो, चार जानेवारीला रुजू. पेटी भरून ठेव. आणि नियम लक्षात ठेव. आधी लागणार ते शेवटी भरायचं. जे उशिरा लागणार ते तळाशी. कॉलेजात पहिल्या दिवशी हेच शिकवतात म्हणे.'

"घ्या!" देवाजी म्हणाले. "बैलगाडीवर वरचं लाकूड आधी उतरते, हे शिकाले जबलपूरले जाऊन राह्यला!" पण पत्र त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

तर विशाखा नियमानं भरू लागली. तळाशी तिचं पांढरं पातळ, इस्त्री करून, घडी घालून.

"पांढरं खाली घातलं काऊन वो?" बायनाबाईंनी विचारलं.

"सहा डिसेंबरला नेसून झालं ना, आत्याबाई. आता विहारात जायला एकदम चौदा एप्रिललाच लागेल."

त्यावर हरिदासचा कोट, कॉलेजात घालायला. मग तिचं संख्याशास्त्राचं पुस्तक, कव्हर घातलेलं. मग वाकळा. मग भांडी, भांड्यांच्या पोटात चहासाखरेचे डबे. स्टोव्ह, त्याची पिन कापडाला टोचून. अकरा तारखेला पितळी दिवा आणि बाबासाहेबांचा फोटो लुगड्यात गुंडाळून मध्ये बसवला. बारा तारखेला जवसाची चटणी कुटली, त्याला आवडते तशी, लसूण जास्त घालून. ती बरणी वर. सगळ्यात वर करुणाचं लाल स्वेटर, कारण जबलपूरला उतरल्याबरोबर थंडी.

देवाजी झाकणावर बसले तेव्हा कुठे कडी लागली. त्यांनी पेटीला दोराचे दोन वेढे दिले आणि डेपोतली गाठ मारली. "आता हे मी सोडल्याबिगर कोणाच्या बापाले सुटत नाई," म्हणाले.

चौदा तारखेला दुपारी दसरू पोस्टमन आला. एरवी तो सायकलवरूनच ओरडायचा, "बाई, फौजेतून आली वो!" त्या दिवशी तो ओरडला नाही. सायकल कुडाला टेकवली, चपला काढल्या, आणि ओसरीत येऊन तार विशाखाच्या हातात दिली. मग परत गेला नाही. खांबापाशी खाली बसला.

तार इंग्रजीत होती. घरात इंग्रजी तिलाच येत होतं.

"काय लिवलं आहे पोरी?" देवाजींनी विचारलं. "कवा येऊन राह्यला?"

तिनं तार वाचली. चार ओळी. पुन्हा वाचली, गणितातली चूक शोधावी तशी. रसदेच्या गाड्या. रस्त्यात सुरुंग. अकरा डिसेंबर. अंत्यसंस्कार तिकडेच, अस्थी मागून.

"बाई, बोल न वो. सुट्टी नाई देली काय?"

दसरूनं मान खाली घातली होती. तार त्यानं वाचली नव्हती, पण पोस्टमास्तरांचा चेहरा वाचला होता. विशाखाला कळलं, हे तिलाच सांगावं लागणार. एक एक शब्द मराठीत करून.

"मामाजी," ती म्हणाली, "ते येत नाहीत."

"वीसले नाई त पंचवीसले येईन..."

"मामाजी. ते गेले."

बायनाबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं आणि तांदूळ ओसरीभर पसरले.

अकरा डिसेंबर. अकराला ती दिवा लुगड्यात गुंडाळत होती. बाराला चटणी कुटली, चव बघितली, मीठ घातलं. कॉलेजचं माहितीपत्रक तिला पाठ होतं. जुलैच्या बॅचची पहिली परीक्षा डिसेंबरच्या याच आठवड्यात. तो आज वर्गात बसून पेपर लिहीत असता आणि सरासरीच्या पुढचं सगळं चुकवत असता. ती क्वार्टरच्या दारात उभी राहून त्याच्यावर चिडली असती. दोन नाले. नुसते दोन नाले तिनं ओलांडले नाहीत. लेकराला जपायला म्हणून.

हे तिनं कोणाला सांगितलं नाही. पण देवाजी भिंतीला टेकून बसले होते, ते एकदा म्हणाले, "जुलैत मीच नेऊन सोडलं असतं वो तुमाले. टोपलीत." आणि मग आपणच काय बोललो ते कळून तोंडावर हात धरला.

तास-दीड तासात अंगण भरलं. विहारातले नानाजी वंदनेसाठी आले, पांढरा सदरा घालून. बायका कुजबुजल्या. शेवटी शेजारची धुरपता हळूच जवळ आली.

"बाई, पांढरं नेसा लागते. मायं आणू काय? धुतलेलं आहे."

"नको," विशाखा म्हणाली. "माझं आहे."

ती पेटीपाशी बसली. देवाजी आले, गाठीला हात लावला. तीस वर्षं बांधलेली गाठ, पण सुटेना. दोराशी झटत राहिले, शेवटी दात लावून सोडली.

तिनं झाकण उघडलं. लाल स्वेटर काढलं आणि करुणाला घातलं, थंडी नव्हती तरी. चटणीची बरणी बायनाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पोटाशी धरली आणि तशाच राहिल्या. दिवा, फोटो; फोटो नानाजींनी घेऊन पाटावर मांडला. स्टोव्ह. पिन कापडाला टोचलेलीच होती. डबे, भांडी. वाकळा. पुस्तक. कोट बाहेर आला तेव्हा बायकांतून हुंदका फुटला. तिचे डोळे कोरडेच होते. ती एकेक वस्तू काढून, ज्या क्रमानं भरली त्याच्या उलट क्रमानं, ओळीत ठेवत होती. काही चेपलं नव्हतं, काही सांडलं नव्हतं, एकही वस्तू चुकीच्या जागी नव्हती.

मग तळाशी पांढरं पातळ. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

ते छातीशी धरून ती उठली, आत गेली. मागे करुणानं रिकामी पेटी बघितली, एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि लाल स्वेटरातल्या हातांनी दोन्ही कडा घट्ट धरून गाडी निघायची वाट बघत बसली.