पहिल्या नंबरचं नैराश्य

दिनेश बोरस्ते द्राक्षांवरची औषधं विकणाऱ्या एका कंपनीत अधिकारी होता. विक्रीत तो दरवर्षी पहिला यायचा आणि ज्याला हे ठाऊक नसेल त्याला गाठून सांगायचा. त्याची बायको ज्योत्स्ना शाळेत शिकवायची, घर बघायची आणि जेवताना त्याचा पराक्रम ऐकायची.

२००४ साली छाटणीच्या हंगामात कंपनीने टार्गेट दुप्पट केलं. दिनेशने मीटिंगमध्ये उभं राहून तिप्पट मागून घेतलं. महिनाभर तो धड झोपला नाही. मग एका दुपारी निफाडला कारभारी नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या शेती-औषधांच्या दुकानासमोर त्याची गाडी थांबली आणि तो उतरेचना. शेवटी कारभारीच खिडकीशी आले.

"साहेब, उतरा ना."

"उतरता येत नाहीये."

"दार अडकलं का?"

"दार ठीक आहे," दिनेश म्हणाला आणि रडायला लागला.

कारभारींनी दुकान बंद केलं आणि त्याला नाशिकला घरी आणून सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी नैराश्य असल्याचं सांगितलं. दिनेशने विचारलं, "लोकांना बरं व्हायला किती महिने लागतात?"

"सहा-आठ. कुणाला जास्तही."

"मी तीनात करतो."

"हे टार्गेट नाहीये," बाई म्हणाल्या. त्याने गिऱ्हाइकापुढे हलवावी तशी मान हलवली.

त्रास खरा होता. तो तासन् तास भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि ज्योत्स्ना शाळेतून आली की त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसायची. पण दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तो शेजारच्या पेशंटांना त्यांच्या गोळ्या विचारायचा आणि रिक्षात समाधानाने म्हणायचा, "माझ्याइतका जबरदस्त डोस तिथे कुणालाच नाही."

उन्हाळ्यापर्यंत तो सावरला. गप्प बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याने हॉल घेतला, फ्लेक्स लावले आणि 'नैराश्यावर माझा विजय' या विषयावर दीड तास बोलला. शेवटी त्याने ज्योत्स्नाला स्टेजवर बोलावलं. "दोन शब्द बोल."

तिने माइक घेतला. "मी फार दमलेय," ती म्हणाली. "मला झोप लागत नाही. घास उतरत नाही."

ती दिनेशची नक्कल करतेय असं वाटून लोक हसले. सगळ्यात मोठ्याने दिनेश हसला. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने वणीला माहेरी गेली. आठवड्याने दिनेशचा फोन आला. तिच्या आईने, भिमाबाईंनी तो घेतला.

"ज्योत्स्नाला द्या."

"निजली हाय. लय दिसांनी डोळा लागलाय."

"तिलाही नैराश्यच आलंय, मी ओळखलं. निफाडला माझं पुढचं व्याख्यान त्यावरच ठेवलंय. 'पत्नी खचते तेव्हा'. फ्लेक्सला तिचा एखादा फोटो द्या ना. घरात शोधला, पण सगळ्यांत मीच आहे."

भिमाबाईंनी फोन खाली ठेवला.

ज्योत्स्ना उठल्यावर त्यांनी तिला हे जसंच्या तसं सांगितलं. ती हसायला लागली. हसता हसता रडली, मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "भाकरी आहे का?"

निफाडला व्याख्यान झालंच. पहिल्या रांगेतले कारभारी अर्ध्यातून उठून गेले.

ज्योत्स्ना परतली नाही. जूनमध्ये तिने वणीच्याच शाळेत नोकरी धरली. महिन्यातून एकदा ती नाशिकला त्याच डॉक्टरीणबाईंकडे यायची, गोळ्या घ्यायची आणि पुढच्या गाडीने परत जायची. आईशिवाय हे तिने कुणाला सांगितलं नाही.