पायाखालच्या उशा

"अगं, हे बूट आहेत की उशा?" ताईने बुटाचा जाड तळ दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिला. "डोकं टेकलं तर झोप लागेल मला."

दुकानदार हसला. धाकटीला मात्र हसू आलं नाही. समोरच्या आरशात स्वतःचे पाय तिला हत्तीचे वाटत होते. पण इलाज नव्हता. नडगीच्या हाडाला दोनदा बारीक तडा गेलेला, टाच कायमचीच रुसलेली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "तुमची हाडं जरा लाडावलेली आहेत, बाई. धक्का सोसत नाहीत. एक तर मऊ, जाड तळाचे बूट घ्या, नाहीतर पळणं सोडा."

एकटीचं असतं तर तिने खुशाल सोडलं असतं. इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर उभं राहून ओल्या चादरी उपसणाऱ्या बाईला पळण्याची कसली आलीये हौस! हौस होती ती ताईला. शाळेत असताना ताईच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. पुढे आजारपणात डोळे गेले, पाय तेवढे शाबूत राहिले. दोघींच्या हातांत एक आखूड दोरी धरून त्या रोज सकाळी तळ्याभोवती पळायच्या. धाकटी थांबली की ताईही घरात बसणार, हे उघड होतं.

तशी ताईला फार झेपत नसे. तळ्याच्या फाटकाशी आलं की "थांब गं, दम लागला" म्हणून ती बाकावर बसायची. धुलाईघरात धाकटी मैत्रिणींना सांगायची, "वय झालं आता तिचं. थांबावं लागतं तिच्यासाठी." सांगताना जरासा मोठेपणाही वाटायचा.

नव्या बुटांनी पहिल्याच सकाळी जादू केली. टाच गप्प, नडगी गप्प. मनातल्या मनात धाकटीने बुटांना, डॉक्टरांना आणि दुकानदाराला भरभरून दुवा दिला. तेवढ्यात दोरीला हिसका बसला. ताई अडखळून जागीच उभी राहिली होती.

"तू आहेस ना गं?"

"मग दोरी काय भुताने धरलीय?"

"दोरी कळते. तू कळत नाहीस. पाय वाजतच नाहीत तुझे."

वळण, खड्डा, वेग, सगळं ताई धाकटीच्या पावलांच्या आवाजावरून ओळखायची. आता जुने बूट घालावेत तर हाड जाणार, नवे घालावेत तर ताई पडणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्या दिवशी दोघी चालतच घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटीने घराच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला बांधला.

"आली बैलगाडी," ताई म्हणाली, पण पळू लागली. छान पळू लागली. पावलाला किल्ल्या वाजत होत्या, वळणं मागे पडत होती. फाटक आलं. बाक आलं. ताई थांबली नाही.

"ताई, बाक मागे गेलं."

"जाऊ दे की."

"दम नाही लागला?"

"मला कधी लागत होता?"

धाकटीची पावलं मंदावली. "म्हणजे?"

"इथवर आलं की तुझा उजवा पाय हलका पडायचा. दुखायचा ना? तू मेली मुलखाची हट्टी, तोंडातून शब्द काढायची नाहीस. मग मीच दमायचे." ताईने कान किल्ल्यांकडे केला. "आज बघ, दोन्ही पायांना सारख्या वाजतायत."

"रोज, ताई? इतकी वर्षं?"

"घरात कुणीतरी एक दमणारं असावं लागतं."

आपण हिला पळवतो, असं धाकटी समजत आली होती. ताईचे उपकार तिला कधी दिसलेच नव्हते, आणि डोळे तर तिचे धड होते. तिने बाहीने तोंड पुसलं आणि ताईचा हात दोरीसकट घट्ट धरला.

"रडतेयस काय? श्वास बिघडेल," ताई म्हणाली. "आणखी एक फेरी मारू या का? मला कधीची मारायचीय."

दोघी पुन्हा पळाल्या. तळ्याला वळसा घालून फाटकाशी आल्या, तेव्हा बाक रिकामं होतं. किल्ल्या वाजत त्याच्यावरून पुढे गेल्या.